ऑलिव्हचे झाड : लागवड, निगा आणि फळ न धरण्याची कारणे

पिझ्झावरच्या काळ्या चकत्या आणि किराणा दुकानातल्या तेलाच्या बाटल्या यांमुळे ऑलिव्ह हे नाव आता मराठी घरांत अनोळखी राहिलेले नाही. शहरांतील मोठ्या नर्सऱ्यांमध्ये ऑलिव्हची रोपेही दिसू लागली आहेत. रुपेरी पानांचे हे झाड दिसायला देखणे असते, कमी पाण्यावर तगते आणि शेकडो वर्षे जगते. या तीन गोष्टी ऐकून अनेकजण रोप विकत घेतात. काहीजण तर एकरभर लागवडीचा विचार करतात. पण ऑलिव्हचे झाड जगवणे आणि त्याला फळ आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले तुलनेने सोपे आहे. दुसरे बरेचसे माणसाच्या हातात नसून हवामानाच्या हातात आहे. हा फरक समजून न घेता लागवड केल्यास पाच-सात वर्षांची मेहनत आणि पैसा अडकतो.

थोडक्यात माहिती

- शास्त्रीय नाव : ओलिया युरोपिया
- कुळ : ओलिएसी, म्हणजे जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक यांचेच कुळ
- इतर नावे : हिंदी-उर्दूत जैतून
- मूळ प्रदेश : भूमध्य समुद्राभोवतालचा भाग
- प्रकार : सदाहरित, सावकाश वाढणारा वृक्ष
- फळधारणेची मुख्य अट : पुरेशी थंडी, पण कडाक्याचे हिम नको

झाडाची ओळख

ऑलिव्हची पाने लहान, लांबट आणि चामड्यासारखी जाड असतात. वरची बाजू गडद हिरवी, तर खालची बाजू बारीक लवीमुळे रुपेरी दिसते. ही लव आणि फक्त पानांच्या खालच्या बाजूला असलेली पर्णरंध्रे यांमुळे पानांतून पाणी कमी उडून जाते. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पाऊस नसलेल्या प्रदेशात हे झाड टिकते, त्यामागे पानांची ही ठेवण आहे.

दुसरी ताकद बुंध्यात आहे. जमिनीलगत बुंध्याला गाठीसारखे फुगवटे येतात आणि त्यांत सुप्त डोळे असतात. वरचे झाड जळाले, तुटले किंवा थंडीने मेले तरी तिथून नवे धुमारे फुटतात. फेब्रुवारी १९५६ मध्ये फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात आणि जानेवारी १९८५ मध्ये इटलीच्या टस्कनीत कडाक्याच्या थंडीने असंख्य झाडे वरून मेली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली आणि अनेक बागा बुडख्यातून पुन्हा उभ्या राहिल्या. ग्रीसच्या क्रीट बेटावरील व्हुव्हेस गावातले प्रसिद्ध ऑलिव्ह किमान २,००० वर्षांचे असावे, असा अंदाज सांगितला जातो. अशा जुन्या झाडांचे खोड आतून पोकळ झालेले असते, त्यामुळे वर्षवलये मोजून नेमके वय काढता येत नाही.

आज जगात सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये तयार होते. तिथल्या अंदालुसिया प्रांतातील एकट्या हाएन जिल्ह्यात ६ कोटींहून अधिक झाडे आहेत. लागवडीच्या बहुतेक पद्धती अशाच प्रदेशांत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून तयार झाल्या आहेत.

हवामान : थंडी हवी, पण किती?

ऑलिव्हचा पट्टा साधारणपणे ३० ते ४५ अंश अक्षांशांच्या दरम्यान येतो. हिवाळ्यात पाऊस आणि थंडी, उन्हाळ्यात कोरडे ऊन असे तिथले चक्र असते. आपल्याकडे पावसाचे चक्र नेमके उलटे आहे.

झाडाच्या पानांच्या बगलेत जे डोळे असतात, त्यांपैकी कोणत्या डोळ्याने फूल व्हायचे आणि कोणत्याने फांदी, हे ठरण्यासाठी हिवाळ्यातली थंडी लागते. रात्री काही अंशांपर्यंत उतरणारे आणि दिवसा १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारे तापमान काही आठवडे मिळाले, की मोहोर चांगला येतो. दिवसाचे तापमान सतत २५-३० अंशांवर राहिले, तर रात्री गार असूनही परिणाम पुसला जातो. झाड हिरवेगार वाढते, पण मोहोरत नाही.

थंडीला वरची मर्यादाही आहे. तापमान उणे ७ ते उणे १० अंशांच्या खाली गेले की फांद्या आणि पुढे खोडही दगावते. मोहोराच्या वेळी ३५ अंशांच्या पुढचे ऊन आणि कोरडा वारा असेल, तर परागीभवन बिघडते.

वाण कोणता?

वाण निवडताना तेलासाठी की खाण्यासाठी, आणि थंडीची गरज किती, हे दोन प्रश्न आधी पाहावेत.

- आर्बेकिना (स्पेन) : झाड लहान, फळ बारीक. थंडीची गरज तुलनेने कमी. कुंडीसाठी आणि दाट लागवडीसाठी सर्वाधिक वापरला जातो.
- कोरोनेइकी (ग्रीस) : बारीक फळ, उत्तम तेल. उष्ण, कोरड्या भागांत चांगला तगतो.
- पिकुआल (स्पेन) : हाएनचा मुख्य वाण. तेलाचे प्रमाण चांगले आणि तेल जास्त दिवस टिकते.
- फ्रांतोयो आणि लेच्चिनो (इटली) : टस्कनीतील तेलाचे वाण. लेच्चिनोला फळासाठी दुसऱ्या वाणाचे पराग लागतात.
- बार्निया (इस्रायल) : उभट वाढणारा, सिंचनाखालच्या बागांसाठी निवडलेला वाण.
- मान्सानिया (स्पेन) : खाण्याच्या हिरव्या ऑलिव्हसाठी जगभर लावला जातो.

रोपे कशी तयार होतात?

कोयीपासून उगवलेले झाड आईसारखे निघत नाही आणि फळावर यायला फार वर्षे घेते. म्हणून कोयीची रोपे फारतर खुंट म्हणून वापरतात. व्यावसायिक रोपे छाट कलमाने होतात. एका वर्षाच्या फांदीचे १२-१५ सेंमी लांबीचे तुकडे घेऊन, वरची चार पाने ठेवून, खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात बुडवतात. ते तुकडे सतत बारीक तुषार पडणाऱ्या शेडमध्ये परलाइटसारख्या माध्यमात लावतात. साधारण दोन महिन्यांत मुळे येतात. घरच्या घरी, तुषाराशिवाय, हे प्रमाण फार कमी राहते. त्यामुळे वाणाच्या नावाची खात्री देणाऱ्या नर्सरीतून तयार रोप घेणेच शहाणपणाचे.

जमीन आणि लागवड

ऑलिव्हला सुपीक जमीन लागत नाही, निचऱ्याची जमीन लागते. खडकाळ, मुरमाड, चुनखडीची जमीन त्याला मानवते. सामू ५.५ ते ८.५ असला तरी चालते आणि थोडा खारटपणाही सहन होतो. मात्र मुळांशी पाणी साचलेले त्याला अजिबात खपत नाही. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते. तिथे लावायचेच असेल, तर गादीवाफा किंवा उंचवटा करून त्यावर लावावे.

खड्ड्यात भरमसाट शेणखत घालण्याची गरज नाही. रोप पिशवीत ज्या खोलीवर होते, त्याच खोलीवर लावावे. खोडाशी माती चढवू नये. बाजूला काठी रोवून सैल बांधावे, कारण कोवळे रोप वाऱ्याने हलले की नवी मुळे तुटतात.

अंतराच्या तीन पद्धती आहेत. जुन्या कोरडवाहू बागांत १० मीटरच्या आसपास अंतर ठेवून हेक्टरी सुमारे १०० झाडे असतात. सिंचनाच्या बागांत त्याहून कमी अंतरावर हेक्टरी २०० ते ४०० झाडे बसतात. १९९० च्या दशकात स्पेनमध्ये अतिदाट लागवड सुरू झाली. त्यात आर्बेकिनासारख्या बुटक्या वाणांची हेक्टरी १,५०० हून अधिक झाडे कुंपणासारखी ओळीने वाढवतात आणि द्राक्ष काढणाऱ्या यंत्रासारख्या यंत्राने फळ काढतात. ही झाडे तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देऊ लागतात. जुन्या पद्धतीत त्याहून जास्त थांबावे लागते आणि भरघोस पीक यायला आठ-दहा वर्षे जातात.

पाणी

'कमी पाण्यावर जगते' याचा अर्थ 'पाणी नकोच' असा होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे मुळे खोल जाईपर्यंत नियमित पाणी द्यावे लागते. मोठे झाड वर्षाला ४००-६०० मिमी पावसावर भागवते, पण पीक बेताचे येते.

पाण्याचा ताण दोन वेळा महागात पडतो. पहिली वेळ मोहोरापासून फळ सेट होईपर्यंतची, तर दुसरी फळात तेल भरण्याची, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपासून पुढची. मधल्या काळात, कोय टणक होत असताना, झाड पाण्याची कपात सर्वांत चांगली सोसते. पाण्याची टंचाई असलेल्या भागांत शेतकरी याच टप्प्यात ठिबक कमी करतात.

खत

ऑलिव्हला खतांचा मारा सोसत नाही. नत्र जास्त झाले, की लांब, लुसलुशीत फांद्या फुटतात, फळ कमी येते आणि किडी वाढतात. भूमध्य प्रदेशातील बागायतदार जुलैमध्ये पाने तपासून खत ठरवतात. पानात नत्र १.५ ते २ टक्के आणि पालाश ०.८ टक्क्यांहून जास्त असल्यास ते पुरेसे मानतात. बोरॉनची कमतरता मात्र वरचेवर आढळते. शेंड्याकडची पाने टोकाला पिवळी पडून करपतात, फळे वेडीवाकडी होतात आणि गळतात. परसातल्या एखाद्या झाडाला वर्षातून एकदा, नवी पालवी फुटण्याआधी, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत पुरते.

छाटणी

फळ नेहमी मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येते. त्यावर्षी फुटलेल्या कोवळ्या फांदीवर नाही आणि जुन्या जाड लाकडावरही नाही. छाटणीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. दरवर्षी थोडी नवी वाढ होत राहिली पाहिजे आणि तिच्यावर ऊन पडले पाहिजे.

- पहिली तीन-चार वर्षे छाटणी कमीत कमी ठेवावी. कोवळे झाड जास्त कापले, तर फळ आणखी लांबते.
- खोड सुमारे एक मीटर मोकळे ठेवून वर तीन-चार मुख्य फांद्या बाहेरच्या बाजूला वाढू द्याव्यात. मधला भाग पेल्यासारखा उघडा राहावा.
- बुडख्यातून फुटणारे धुमारे आणि आत सरळ वर जाणाऱ्या पाणफांद्या काढून टाकाव्यात.
- मोठ्या झाडाची छाटणी हिवाळा संपताना, मोहोर येण्याआधी करावी.
- पाऊस किंवा दव असताना कापू नये. ओल्या जखमांतून गाठी आणणारा जिवाणू शिरतो. कात्री दर झाडाला स्पिरिटने पुसावी.

मोहोर, फळ आणि आड वर्ष

ऑलिव्हचा मोहोर बारीक, पांढरट असतो आणि पराग मुख्यतः वाऱ्याने पसरतात. झाडावर हजारो फुले येत असली, तरी त्यांपैकी जेमतेम १ ते २ टक्के फुलांचीच फळे टिकतात. एवढी फळेही चांगल्या पिकाला पुरेशी असतात, त्यामुळे मोहोर गळताना पाहून घाबरण्याचे कारण नाही. अनेक वाणांना स्वतःचे पराग नीट चालत नाहीत. म्हणून बागेत किमान दोन वाण मिसळून लावतात.

आंब्यासारखीच ऑलिव्हलाही आड वर्षाची खोड असते. एका वर्षी झाड लगडले, की त्याची शक्ती फळात जाते, नवी फांदी वाढत नाही आणि पुढच्या वर्षी मोहोरायला जागाच उरत नाही. भरपूर पिकाच्या वर्षाआधी थोडी जास्त छाटणी करणे आणि फळ वेळेत उतरवणे, हे त्यावरचे उपाय. ते पूर्ण बरे करणारे नाहीत, चढ-उतार कमी करणारे आहेत.

कीड आणि रोग

- ऑलिव्ह फळमाशी : मादी फळात अंडे घालते आणि अळी गर पोखरते. अशा फळांचे तेल आंबूस होते. सापळे, पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी आणि लवकर काढणी हे नेहमीचे उपाय आहेत.
- खवले कीड : फांद्यांवर तपकिरी टोप्यांसारखी चिकटते. तिच्या चिकट स्रावावर काजळी धरते. झाड आतून मोकळे ठेवले, तर ती आपोआप कमी होते.
- मोरडोळा ठिपका : पानांवर गोल, वलयांकित डाग पडून पाने गळतात. दमट हवेतला बुरशीजन्य रोग. ताम्रयुक्त बुरशीनाशक पावसाआधी मारतात.
- व्हर्टिसिलियम मर : जमिनीतून येणारी बुरशी. एखादी फांदी अचानक वाळते. आधी कापूस, टोमॅटो, वांगी किंवा बटाटा घेतलेल्या जमिनीत धोका जास्त असतो.
- झायलेला फास्टिडिओसा : पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करणारा जिवाणू. इटलीच्या पुलिया प्रांतात तो २०१३ मध्ये सापडला आणि त्यानंतर लाखो झाडे वाळली. एक रसशोषक कीटक तो पसरवतो. त्यावर उपचार नाही. लेच्चिनो आणि एफएस-१७ हे वाण तो काही प्रमाणात सोसतात.

या शेवटच्या रोगामुळे एक गोष्ट कटाक्षाने पाळायला हवी. परदेशातून येताना ऑलिव्हचे रोप किंवा काडी सामानात घालून आणू नये. भारतात २००३ च्या प्लान्ट क्वारंटाइन आदेशानुसार रोपांच्या आयातीला परवाना आणि तपासणी बंधनकारक आहे.

काढणी : हिरवे की काळे?

हिरवे आणि काळे ऑलिव्ह ही दोन झाडे नाहीत. एकच फळ आधी हिरवे, मग जांभळट आणि पूर्ण पिकल्यावर काळे होते. भूमध्य प्रदेशात काढणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालते. लवकर काढलेल्या फळाचे तेल कमी निघते, पण तिखटसर आणि टिकाऊ असते. पिकलेल्या फळाचे तेल जास्त आणि सौम्य असते.

झाडावरून तोडलेले फळ तसेच खाता येत नाही. ओलियुरोपिन नावाच्या द्रव्यामुळे ते कमालीचे कडू लागते. हा कडूपणा काढण्यासाठी फळे अनेक महिने मिठाच्या पाण्यात मुरवतात किंवा आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवून, धुऊन, मग मिठाच्या पाण्यात घालतात. डब्यातले एकसारखे काळे ऑलिव्ह बहुधा पिकलेले नसतात. हिरवी फळे हवा देऊन काळी करतात आणि तो रंग लोहाच्या क्षाराने पक्का करतात.

तेलासाठी फळ शक्यतो २४ तासांच्या आत घाण्यावर जावे लागते. फळे कोयीसकट वाटून, लगदा २७ अंशांपेक्षा जास्त न तापवता मळून, तेल वेगळे करतात. एक लिटर तेलाला साधारण ५ ते ७ किलो फळे लागतात. मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपर्यंत असेल आणि चवीत दोष नसेल, तरच त्या तेलाला एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणता येते.

कुंडीतले ऑलिव्ह

गच्चीत किंवा दक्षिणेकडच्या गॅलरीत ऑलिव्ह चांगले वाढते. मात्र दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेले झाड काही महिन्यांत पाने गाळते.

- तळाला मोठी भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी.
- दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि अर्धा भाग शेणखत असे मिश्रण चालते. फक्त कोकोपीट वापरू नये, ते पाणी धरून ठेवते.
- वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे. खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये.
- पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात सरकवावी. महाराष्ट्रात कुंडीतली ऑलिव्ह मरतात, ती बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये आणि मुळे कुजल्यामुळे.
- दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावी.

भारतातला अनुभव

ऑलिव्हचा रानटी भाऊबंद काहू हिमालयाच्या पायथ्याशी आढळतो. सह्याद्रीतल्या जंगलांत पारजांब नावाचे त्याच कुळातले झाड आहे. पण यांपैकी कशालाही तेलाचे फळ येत नाही. लागवडीच्या ऑलिव्हचे प्रयत्न हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडमध्ये झाले आहेत.

सर्वांत मोठा प्रयोग राजस्थानचा. २००७ मध्ये राज्य सरकारचे कृषी पणन मंडळ, पुण्याची फिनोलेक्स प्लासन आणि इस्रायलची इंडॉलिव्ह यांनी मिळून राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. इस्रायलहून सुमारे १ लाख १२ हजार रोपे आणून १८२ हेक्टर सरकारी शेतांवर लावली गेली. बार्निया, आर्बेकिना, कोराटिना, पिकोलिन, पिकुआल, कोरोनेइकी आणि फ्रांतोयो असे सात वाण त्यात होते. २०१४ मध्ये बिकानेरजवळ लुनकरनसरला तेलघाणाही सुरू झाला. वाळवंटी हिवाळ्यातली थंडी आणि ठिबक यांच्या जोरावर तिथे फळ आले, हे खरे. पण अपेक्षेइतके उत्पादन सगळीकडे मिळाले नाही आणि काही शेतकऱ्यांनी बागा मोडून पुन्हा जुनी पिके घेतली. झाड तगले म्हणजे पीक परवडेलच असे नाही, हा या प्रयोगाचा धडा आहे.

महाराष्ट्रात लावावे का?

शोभेसाठी जरूर लावावे. व्यापारी लागवडीसाठी मात्र गणित जुळत नाही. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, पण ती थंडी मोजके दिवस टिकते आणि दुपारी ऊन पुन्हा तापते. कोकणात थंडीच नाही, तर महाबळेश्वरला पाऊस अतोनात. म्हणून फळधारणा झाली तरी तुरळक आणि बेभरवशाची राहते. हमखास उत्पन्नाचे आश्वासन देऊन रोपे विकणाऱ्याकडे अशाच हवामानातली, आठ-दहा वर्षांची, फळावर असलेली बाग दाखवण्याची मागणी करावी.

नेहमीचे प्रश्न

*झाड हिरवेगार आहे, पण फुले येत नाहीत. का?*
बहुतेक वेळा थंडी अपुरी पडते. नत्र जास्त देणे, ऊन कमी मिळणे आणि झाड कोवळे असणे ही इतर कारणे आहेत. खत वाढवून थंडीची कमतरता भरून निघत नाही.

*पाने पिवळी पडून गळत आहेत. काय करावे?*
आधी पाणी थांबवून निचरा तपासावा. ओल्या मातीत पिवळी पाने दिसली, तर मुळे गुदमरत आहेत. माती कोरडी ठणठणीत असेल तरच पाणी वाढवावे.

*सिलोन ऑलिव्ह म्हणजे हेच का?*
नाही. ते रुद्राक्षाच्या वर्गातले वेगळे झाड आहे. ते उष्ण, दमट हवेत फळते आणि त्याच्या आंबट फळाचे लोणचे घालतात, पण त्यापासून ऑलिव्ह तेल मिळत नाही. रोप घेताना लेबलवरचे शास्त्रीय नाव पाहावे.

*एकच झाड लावले तर चालेल?*
शोभेसाठी चालेल. आर्बेकिनासारखे काही वाण एकटेही थोडे फळ धरतात, पण दुसरा वाण जवळ असल्यास शक्यता वाढते.